पूर्वीचे घरमालक

त्या इमारतीच्या लिफ्टला आत बटणंच नव्हती. बाहेर भिंतीवर काचेची एक पाटी होती. तिला आधी कार्ड टेकवायचं, मग मजल्याचा आकडा दाबायचा, मग ती सांगणार की अमुक दारातून आत शिरा. आत शिरलात की हाताची घडी घालून गप्प उभं राहायचं. मध्येच मन बदललं, काही विसरलं, खाली परतावंसं वाटलं, तर सोय नाही. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून लोकांना ‘ब्रेकवर पाय ठेवा’ म्हणून ओरडत आलेल्या माणसाला असल्या पेटीत उभं करणं हा अपमान होता, आणि तो मी तिथल्या तिथे बोलून दाखवला.

“काका, सुरक्षेसाठी आहे ते,” एजंट म्हणाला. “बाहेरचा माणूस उगाच मजल्यामजल्यावर फिरत नाही. वर यायला कार्ड, खाली जायलासुद्धा कार्ड.”

“मग पाहुण्यानं खाली जायचं कसं? उडी मारून?”

“ज्यांच्याकडे आलात ते सोडायला येतात ना.”

“आणि जिना?”

“जिना आगीसाठी. एरवी दार उघडलं की भोंगा वाजतो.”

माझी लेक लिफ्टच्या छताकडे बघत होती. मी बरोबर येऊ नये म्हणून तिनं आदल्या दिवशी दोन वेळा सांगितलं होतं, आणि म्हणूनच मी आलो होतो. तेहेतीस वर्षांची घोडी झाली, चष्म्याच्या मोठ्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, पण ह्या असल्या एजंटांनी हिला कधीच बाजारात नेऊन विकून खाल्लं असतं. निदान माझं तरी तसं मत होतं.

मी लायसन्सच्या ऑफिसात परीक्षक होतो. लोकांनी गाडी चालवायची आणि मी चुका मोजायच्या, हे माझं काम. आरसा पाहिला नाही, एक खूण. हात दाखवला नाही, एक खूण. चांगलं चालवलं तर त्याची खूण करायला तक्त्यात रकानाच नव्हता. माझ्या हाताखालून पास झालेला माणूस गाडीतून उतरून फुटपाथवर बसायचा, असं माझे सहकारी चेष्टेनं म्हणत. लेक परीक्षेला बसली तेव्हा नात्याचं माणूस म्हणून मी दूर राहिलो, पण दुसऱ्या परीक्षकाला बजावून ठेवलं की माझी मुलगी म्हणून काडीची सवलत द्यायची नाही. त्यानं तिला नापास केलं. पुन्हा काही ती बसली नाही. अजूनही बसनं फिरते.

तर खोली. सत्ताविसाव्या मजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला. दार उघडलं आणि माझं नाक खिडकीला लागता लागता राहिलं. स्टुडिओ अपार्टमेंट म्हणे. स्टुडिओ म्हटल्यावर निदान तिथे कुणीतरी चित्र काढत असावं; इथे चित्र टांगायला भिंत उरली नव्हती. एका भिंतीत पलंग उभा करून ठेवलेला. कडी ओढली की तो खाली येणार, आणि खाली आला की फ्रिजचं दार उघडणार नाही. शेगडी दोन बर्नरची, तिच्याखाली कपडे धुण्याचं मशीन, मशीनला चिकटून न्हाणीघराचं काचेचं दार. खिडकी म्हणाल तर जमिनीपासून छतापर्यंत, पण उघडायची किती, तर हात कसाबसा बाहेर जाईल एवढीच. मी नळ सोडून पाहिले. भिंती ठोठावून पाहिल्या. पलंग दोनदा पाडला आणि उभा केला. हातात तक्ता नव्हता, पण बोटं आपोआप खुणा करत होती.

“बिजागरी कुरकुरते,” मी म्हणालो. “नळाला जोर नाही. ह्या भिंतीतून शेजाऱ्याची शिंक ऐकू येईल. आणि इथे धुणं वाळत घालायचं कुठे, ह्याच्या डोक्यावर?”

एजंटनं स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

“बाबा,” लेक म्हणाली, “मला आवडली.”

“आवडायला काय आहे इथे?”

ती खिडकीशी गेली. खाली रस्ते, त्यावर मुंग्यांएवढ्या गाड्या, समोर तसलीच दुसरी इमारत. “दार,” ती म्हणाली. “ह्या खोलीला एकच दार आहे आणि ते आतून बंद होतं.”

परक्या माणसासमोर मला असं बोलली. मी मिठाची गुळणी धरली ती घरी पोचेपर्यंत.

घर म्हणजे आमचं तिसऱ्या मजल्यावरचं, तीन खोल्यांचं. तिथे आम्ही दोघंच. तिची आई चार दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे गेली, त्याला आता सहा वर्षं झाली. तिची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला लटकते आहे. मी कधी काढली नाही आणि तिनं कधी मागितली नाही. लेक मात्र राहिली. का राहिली ते मी विचारलं नव्हतं. माणूस राहिलं की राहिलं, त्यात विचारायचं काय?

“इथे काय कमी आहे तुला?” रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. “इथे काय माणसांची जत्रा भरते, की एकटीनं राहायला सत्ताविसाव्या मजल्यावर जावं?”

“मी किल्ली विसरले तर तुम्ही दार उघडायच्या आधी विचारता, कोण. मी म्हणते, मी. तुम्ही म्हणता, मी कोण.”

“सुरक्षेसाठी. तुझ्या त्या एजंटला विचार.”

“भोकातून बघता तुम्ही, बाबा. तुम्हाला मी दिसत असते. तरी विचारता.”

ह्याला उत्तर होतं. मुलीला किल्ली न विसरण्याची सवय लागावी, हे ते उत्तर. पण ते दिलं की चेहरा असा करते की मीच गुन्हेगार. मी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला, कारण तिनं तो टेबलाच्या अगदी कडेला ठेवला होता.

तिनं तो पुन्हा कडेला ठेवला. मग म्हणाली, “माझं एक काम आहे तुमच्याकडे. खोलीच्या मागे आणखी दोघीजणी आहेत. मालकीण एकीलाच देणार. ती भेटत नाही, कागद बघत नाही. पूर्वीच्या घरमालकाला फोन करते आणि त्यावरून ठरवते.”

“तुला कुठला पूर्वीचा घरमालक?”

“तेच. एजंटला म्हटलं, वडिलांचा नंबर देते. तो म्हणाला, वडिलांचा चालत नाही. बाप मुलीचं कौतुकच करणार, मालकीण विश्वास ठेवत नाही.” इथे ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असेल. “त्याला तुम्ही कुठे माहीत आहात. म्हणून मग मी तुमचा नंबर घरमालक म्हणून दिला.”

“मी तुझा घरमालक?”

“खोटं काही बोलायचं नाही. मी तुमच्या घरात राहते हे खरंच आहे. तेवढंच सांगा. आहे ते सांगा.” आणि ताट उचलता उचलता म्हणाली, “मला तर इथे राहताना तसंच वाटतं.”

भाड्याच्या खोलीची हौस, त्यात ही मखलाशी. ज्या घरात लहानाची मोठी झाली त्या घराला ही भाड्याचं म्हणते. मी अंथरुणावर पडलो तरी माझं डोकं तापलेलंच होतं. लहानपणी ती बाहेरून आली की सरळ माझ्या खोलीत घुसायची, दार ठोठावायचं तिला ठाऊकच नव्हतं. ते मीच तिला शिकवलं होतं, चांगलं वळण म्हणून.

फोन आला तेव्हा मी गॅलरीत बुटांना पॉलिश करत होतो. लेक कामावर गेली होती. आवाज बाईचा, पण जाडा आणि घोगरा.

“तुमच्याकडे एक बाई राहतात. डोळे तपासण्याचं काम करतात. बरोबर?”

“राहते,” मी म्हणालो.

“तुम्ही घरमालक?”

“घर माझंच आहे.”

“कशा आहेत?”

चांगली आहे. एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलेसुद्धा होते. पण गॅलरीच्या दोरीवर तिची ती चष्मे पुसायची फडकी वाळत होती. दुकानातली फडकी ती घरी आणून धुते, आणि हाताच्या पंजाएवढी फडकी एका ओळीत चिमटे लावून टांगते. मी रोज कुरकुरतो की त्या फडक्यांपायी माझ्या शर्टाला दोरी उरत नाही. मी त्या दोरीकडे पाहिलं आणि फडकी नसलेली दोरी मला दिसली. नुसते माझे शर्ट, आणि मागे तीन खोल्या. मला भीती वाटली. उगाच कशाला लपवू, चांगली सडकून भीती वाटली.

“काय सांगू बाई तुम्हाला,” मी म्हणालो.

आणि मग मी सांगत सुटलो. दिवे जाळते. ज्या खोलीत नाही त्या खोलीतलासुद्धा दिवा चालू. कपाटाची दारं आपटते. गरम पाणी सगळं संपवते. न्हाणीघरात गाते, आणि गाते तेही बेसूर. ओले टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकते. किल्ली विसरते. पेले टेबलाच्या कडेला ठेवते. घरात कुणाशी धड बोलत नाही, नुसती खोलीत बसून राहते. पलीकडून बाई “हं” म्हणत होती, आणि तिचा प्रत्येक “हं” मला पुढच्या चुकीकडे ढकलत होता. मी इतकी वर्षं लोकांच्या चुका मोजल्या, पण कुणी इतकं मन लावून ऐकल्या नव्हत्या.

“शेजाऱ्यांशी कशा वागतात?”

“भांडते,” मी म्हणालो.

हे खोटं होतं. भांडतो मी. खालच्याशी गाडी लावण्यावरून, वरच्याशी खुर्च्या सरकवण्यावरून, समोरच्याशी आता कशावरून ते आठवतही नाही. लेक नंतर जाऊन त्यांच्याशी गोड बोलून येते. पण खोऱ्यानं माती ओढायला लागल्यावर चार ढेकळं इकडची तिकडे होणारच.

“आणि स्वयंपाकघर?”

इथे मात्र माझं घोडं पेंड खायला लागलं. तिनं आवरलेलं स्वयंपाकघर माझ्या पाठीमागेच होतं. ओटा पुसून फडकं पिळून टाकलेलं, माझं जेवण झाकून ठेवलेलं. “बरं ठेवते,” मी म्हणालो.

बाईनं तेही ऐकून घेतलं. मग म्हणाली, “एवढा त्रास आहे, तर तुम्ही तिला काढत का नाही?”

“तिनंच जायचं ठरवलंय ना.”

“त्याआधी. इतक्या वर्षांत.”

“सवय झाली,” मी म्हणालो.

“हं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी बूट संपवले. चांगले चकचकीत केले. लेक संध्याकाळी आली आणि चपला काढता काढताच तिनं विचारलं, फोन आला होता का. मी म्हटलं, आला होता. काय सांगितलंत? मी म्हटलं, जे होतं ते. ती माझ्याकडे बघत राहिली, दुकानात लोकांच्या डोळ्यांत बघते तशी. “थँक्यू, बाबा,” ती म्हणाली. मला जरा खटकलं. पण गाडी एकदा उताराला लागली की हँडब्रेक ओढायचा नसतो, हे मीच लोकांना शिकवलेलं. आणि मनातून मी खूश होतो, तेही सांगतो. चार दिवस रुसेल, मग बसेल गप्प. तिची आईसुद्धा पहिली काही वर्षं अशीच गप्प बसायची.

आठवडा गेला नाही तोच ती दारातून आली ती उड्या मारतच. खोली तिला मिळाली होती.

“कशी काय?” मी म्हणालो.

“कशी काय म्हणजे?”

“नाही, म्हणजे, दोघी आणखी होत्या ना.”

“मालकिणीनं मलाच निवडलं. एजंट म्हणाला, तुमच्या घरमालकांचा फोन ऐकून लगेच हो म्हणाली.” आणि तिनं जे कित्येक वर्षांत केलं नव्हतं ते केलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मला वाटलं नव्हतं हो तुम्ही नीट बोलाल.”

आता ह्यावर माणसानं काय म्हणावं? मी म्हटलं, दुसरी किल्ली माझ्याकडे राहू दे, अडीअडचणीला. ती म्हणाली, बघू. मी माझ्या जुडग्यात तिच्यासाठी जागा करून ठेवली, मोटारीची जुनी किल्ली काढून टाकली. मनात मात्र एकच भुंगा. ती मालकीण बहिरी आहे, की बावळट? मी सांगितलेल्या शेजाऱ्यांच्या भांडणावरूनच कुठल्याही शहाण्या माणसानं तिच्या नावावर काट मारली असती. ह्या बाईचं तोंड मला बघायचंच होतं.

म्हणून सामान न्यायच्या दिवशी मी पुढे होऊन खोकी उचलली. सामान तरी किती, चार खोकी, एक बॅग आणि तिची ती फडकी. टेम्पोवाल्यानं खाली उतरवलं, लेकीनं नवं कोरं कार्ड पाटीला टेकवलं, आणि आम्ही त्या बिनबटणाच्या पेटीतून वर गेलो. खोलीत दुपारचं ऊन भरलं होतं. मी पलंग पाडून बिजागरीत तेलाचे थेंब सोडत होतो. तेल मी घरून आणलं होतं, कारण असल्या जागी कुणी काही करत नाही. तेवढ्यात मालकीण आली.

बुटकी बाई, पांढरे केस बारीक कापलेले, गळ्यात दोरीला किल्ल्या. तिनं खोलीवर एक नजर फिरवली, मग पलंगावर वाकलेल्या माझ्यावर.

“हे कोण?”

“बिजागरी कुरकुरते तुमची,” मी म्हणालो. “त्या दिवशीच सांगितलं होतं एजंटला.”

ती थांबली. डोकं एका बाजूला कलतं केलं. “हा आवाज मी ऐकलाय,” ती म्हणाली. “अहो, तुम्हीच ते पूर्वीचे घरमालक.”

लेक खोकं उघडत होती. ती हसून म्हणाली, “हो, तेच. त्यांच्यामुळेच मिळाली मला खोली.”

“मग काय तर,” मालकीण म्हणाली. आणि तिनं शेगडीच्या कट्ट्याला टेकून आरामात सुरुवात केली. आता हिचं तोंड कसं बंद करावं ते मला सुचेना. हातात तेलाची बाटली होती, ती मी उगाच पुन्हा पुन्हा बुचानं बंद करत राहिलो. “मी आयुष्यभर मुलींचं वसतिगृह चालवलं. तिथे एक शिकले. ज्या मुलीला घालवायचं असतं, तिचे जुने मालक तिचं तोंड भरून कौतुक करतात. देवमाणूस आहे म्हणतात, डोळे झाकून घ्या म्हणतात, की आपल्या गळ्यातलं लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात. इतर दोघींच्या मालकांनी मला नुसतं मधात बुडवलं. आणि हे गृहस्थ! ह्यांनी इतक्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या की माझा कान गरम झाला. मी म्हटलं, हा मनुष्य हिला सोडायला तयार नाही. म्हणजे मुलगी सोन्यासारखी असणार.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, पण ते कुणीतरी विसरून ठेवल्यासारखं.

“उखाळ्यापाखाळ्या?” ती म्हणाली.

“दिवे जाळता म्हणे. कपाटं आपटता. न्हाणीघरात गाता.”

“गाते मी.”

“बेसूर, असंही म्हणाले.”

“बेसूर,” लेक म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

“ते एक वेळ ठीक. घरात कुणाशी बोलत नाही म्हणाले. शेजाऱ्यांशी भांडते म्हणाले.”

“शेजाऱ्यांशी कोण भांडतं?”

“तुम्ही, असं म्हणाले हे.”

मी म्हटलं, “बाई, तुमचं काम झालं असेल तर—”

“हे माझे वडील आहेत,” लेक म्हणाली.

मालकीण कट्ट्यावरून सरळ झाली. तिनं मला पुन्हा नीट पाहिलं, चकचकीत बुटांपासून वर. गंमत सांगणाऱ्या बाईचा चेहरा गेला आणि वसतिगृहाच्या दारात उभी राहणारी बाई समोर आली. असल्या बाईपुढून किती बाप माना खाली घालून गेले असतील कुणास ठाऊक.

“घरमालकानं असं केलं असतं तर मी समजू शकले असते,” ती मला म्हणाली. “चहासुद्धा पाजला असता.”

मग माझ्याकडे पाठ करून तिनं गळ्यातल्या दोरीतून दोन किल्ल्या सोडवल्या आणि दोन्ही लेकीच्या हातात दिल्या. “ह्या दोनच आहेत. तिसरी माझ्याकडेही ठेवत नाही मी. दुसरी कुणाला द्यायची ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असते तर कुणालाच दिली नसती.” आणि गेली. दार तिनं अजिबात आवाज न करता ओढून घेतलं.

मी बोलायला हवं होतं. बोललोही, पण जे बोललो ते असं. “बघितलंस? शेवटी माझ्यामुळेच मिळाली ना खोली. मी गोड बोललो असतो तर बसली असतीस हात चोळत.”

“हो,” लेक म्हणाली. “मिळाली तुमच्यामुळे. आणि शोधावी लागली तीही तुमच्यामुळेच.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला मी उत्तर देऊ शकतो, त्यात माझी हयात गेली. ती खोक्यातून पेले काढून कट्ट्यावर ठेवत होती, एकेक करून, आणि ते अगदी आत, भिंतीला टेकवून ठेवत होती.

“मी दुकानात रोज एवढी माणसं तपासते,” ती म्हणाली. “कुणाला खालची ओळ दिसत नाही, कुणाला वरचीसुद्धा दिसत नाही. लाजतात बिचारी. मी त्यांना सांगते, इथे कुणी नापास होत नाही, फक्त नंबर लागतो. लोकांना किती बरं वाटतं ते ऐकून. मला कुणी तसं सांगितलं असतं तर मलाही वाटलं असतं.”

“मी तुझं वाईट चिंतलं का कधी? तू जाऊ नयेस म्हणून केलं. राहायला हवी होतीस, म्हणून केलं.”

“मग तसं सांगायचं. राहा म्हणायचं. एवढा एकच शब्द होता. त्या बाईला इतकं सगळं सांगितलंत, मला तेवढा नाही सांगता आला?”

मी बाटली कट्ट्यावर ठेवली. तिनं पर्समधून जुडगं काढलं, नखानं कडी फाकवली आणि आमच्या घराची किल्ली ओढून काढली. त्या किल्लीवर ओळखू यावी म्हणून तिनं नखाला लावायच्या रंगाचा लाल ठिपका दिला होता, शाळेत होती तेव्हा. मी तेव्हा त्यावरूनही बोललो होतो. तिनं ती माझ्यापुढे धरली.

“ठेव ती,” मी म्हणालो. “उद्या घरात मी पडलो बिडलो तर दार कोण उघडणार?”

“शेजाऱ्यांकडे ठेवा.”

“शेजाऱ्यांशी माझं—”

“तुमचं काय? शेजाऱ्यांशी भांडते ती मी. तुम्हीच सांगितलंत ना.” तिनं माझा तेलकट पंजा धरला, उघडला आणि किल्ली त्यात ठेवली. “भाडेकरूनं घर सोडलं की किल्ली परत करायची असते, बाबा.”

“आणि कधी घरी यावंसं वाटलं तर?”

“बेल वाजवीन. तुम्ही विचाराल, कोण. मी सांगेन.”

मी तेलाची बाटली उचलली आणि बाहेर पडलो. ताडताड चालत बोळाच्या दुसऱ्या टोकाला आलो. राग होता, नाही असं नाही. मालकिणीचा, एजंटचा, ज्यानं ही भिंतीतल्या पलंगाची खोली काढली त्याचा. लिफ्टच्या पाटीवर बोट दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. कार्ड टेकवा, असं तिच्यावर उमटलं. शेजारी जिन्याचं लाल दार होतं, त्यावर भोंग्याचं चित्र. मी त्या पाटीकडे बघत उभा राहिलो. कुणीतरी येईल, कुणाच्या तरी मागून उतरता येईल, म्हणून पुष्कळ थांबलो. एवढ्या इमारतीत एक माणूस त्या मजल्यावर आला नाही. एका दारामागे पाणी वाहत होतं, दुसऱ्या दारामागे कुणी खुर्ची सरकवली. मला कुणाच्या दारावर जाऊन मदत मागायची म्हणजे आधी गोड बोलायला हवं होतं, आणि ते काम आमच्या घरात माझं कधीच नव्हतं.

परत चालत गेलो. बेल वाजवली. आत पावलं वाजली, दाराशी येऊन थांबली. दाराच्या भोकात अंधार झाला, म्हणजे तिचा डोळा तिथे होता. मी टोपी काढली. का काढली ते मला माहीत नाही. ती आता विचारणार, कोण, आणि मी म्हणणार, मी, आणि मग ती विचारणार, मी कोण. ते मला दिसतच होतं. मी टोपी हातात धरून तसाच उभा राहिलो.

तिनं विचारलं नाही. कडी काढली आणि दार उघडलं.

“लिफ्टला कार्ड लागतं,” मी म्हणालो.

“हो,” ती म्हणाली. पायांत नुसते मोजे होते. ती कार्ड घेऊन माझ्याबरोबर बोळातून चालत आली, थोडं अंतर ठेवून, पाहुण्याला सोडायला यावं तशी. येताना तिनं मागे खोलीचं दार आठवणीनं ओढून घेतलं होतं, किल्ली हातात घेतली होती, आतला दिवा बंद केला होता. पाटीला कार्ड टेकवलं, खालचा आकडा दाबला, लिफ्टचं दार उघडेपर्यंत थांबली. मी सवयीनं बघत होतो. शोधूनही एक चूक सापडली नाही.

“नीट जा,” ती म्हणाली.

मी आत शिरलो. राहा, असं मी तेव्हा म्हणालो. खरंच म्हणालो. पण दार तोवर लागलं होतं, आणि आत दाबायला बटण नव्हतं.